लॅपटॉपवर ओपनबीएसडी: आधी वाय-फायचं बघा

ओपनबीएसडी ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकताना नवख्यांची गाडी बहुतेकदा वाय-फायपाशी अडते. इंटेलच्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच (सिस्टीमच्या गाभ्यातच) असतो, पण परवान्याच्या अटींमुळे फर्मवेअर, म्हणजे खुद्द कार्डावर चालणारं सॉफ्टवेअर, इन्स्टॉलरसोबत येत नाही. ते उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी तेच फर्मवेअर. लॅन पोर्ट असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. ‘यूआरएनडीआयएस०’ नावाचा इंटरफेस (नेट जोडणी) दिसेल. रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन ‘आयएफकॉन्फिग’ कमांडने त्याला ‘इनेट ऑटोकॉन्फ’ लावा, म्हणजे त्याला आपोआप आयपी पत्ता मिळेल. मग फर्मवेअर उतरवणारी ‘एफडब्ल्यू_अपडेट’ कमांड चालवा आणि रीबूट करा.

आवृत्ती 7.3 पासून इन्स्टॉलर स्वतःच डिस्क एन्क्रिप्शनबद्दल विचारतो. लॅपटॉप चोरीला जाऊ शकतो, तेव्हा हो म्हणाच. मात्र पासफ्रेज विसरलात तर डेटा कायमचा गेला.

झाकण मिटण्याआधी ‘आरसीसीटीएल’ कमांडने ‘एपीएमडी’ ही वीजवापर सांभाळणारी सेवा चालू करून ठेवा. त्याशिवाय ‘झेडझेडझेड’ ही झोपवायची कमांड चालत नाही.

ब्लूटूथ इथे नाहीच, त्यामुळे हेडफोन वायरचे किंवा यूएसबी डाँगलचे घ्या. ज्यात एनव्हीडियाखेरीज दुसरं ग्राफिक्स नाही असं मशीन मी यासाठी सुचवणार नाही. त्याला चांगला ड्रायव्हर नाही. इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स सगळ्यात कमी कटकटीचं.