लोझेर्तची चढण आणि म्वासाकची माती

फ्रान्समधल्या ल प्वीहून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या जीआर 65 या पायवाटेवर, दक्षिण फ्रान्समधल्या केर्सी भागात लोझेर्त हे जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव डोंगरमाथ्यावर आहे. काओर ते म्वासाक हे सुमारे 70 किलोमीटर बरेच यात्री तीन दिवसांत उरकतात. आम्ही चार दिवस सुचवतो, आणि त्यातली एक अख्खी दुपार लोझेर्तला ठेवायला सांगतो.

काओरहून पहिला मुक्काम लास्काबान, साधारण 23 किमी. दुसऱ्या दिवशी मोंक्यूक 9 किमीवर लागतं. पुढचे 5-6 तास पुरेल इतकं खाणं तिथेच घ्यायचं. फ्रान्सच्या खेड्यांत दुकानं साडेबाराच्या सुमारास बंद होतात ती तीन-साडेतीनपर्यंत उघडत नाहीत. रविवारी दुपारी आणि सोमवारी तर काहीच धरून चालू नये. मोंक्यूक ते लोझेर्त अंतर 14 किमीच आहे, पण वाट एका खोऱ्यातून चढून दुसऱ्यात उतरत राहते. जमीन पांढऱ्या चुनखडीची, सावली कमी, त्यामुळे जून ते ऑगस्ट ऊन वरून आणि खालूनही लागतं. दोन लिटर पाणी हवंच. संपलं तर गावाबाहेरची स्मशानभूमी गाठा. तिथे बहुधा नळ असतो. मात्र 'ओ नों पोताब्ल' (पिण्याजोगं नाही) अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका.

लोझेर्त दुरूनच दिसू लागतं आणि इथेच अंदाज चुकतो. गाव समोर दिसतं म्हणून लोक उरलेलं पाणी पिऊन टाकतात, पण वाट आधी दरीत उतरते आणि सगळी चढण शेवटी एकदम येते. दुपारी एकच्या आत पोचायचं तर लास्काबानहून सहाला निघा.

वर पोचल्यावर कोर्निएर चौकात बसा. सावली देणाऱ्या कमानी, त्यांच्यावर दगडी घरं, आणि फरसबंदीचा एक कोपरा सतरंजीचं टोक उचलावं तसा वर वळवलेला. बाराव्या शतकाच्या शेवटी तुलूझच्या काउंटने हे गाव वसवलं ते खालच्या खोऱ्यांवर नजर ठेवायला, आणि कडेला उभं राहिलं की जागेची निवड लगेच पटते. शनिवारी सकाळी चौकात बाजार भरतो. हंगामात केर्सीची खरबुजं आणि शासला द्राक्षं जरूर घ्या. शेतातली मात्र तोडू नका. यात्रेकरूंवरचा गावकऱ्यांचा विश्वास अशानेच जातो.

पंढरीच्या वारीत दिंडी मुक्कामाची आणि जेवणाची सोय बघते. इथे ती ज्याची त्याने करायची. मे आणि सप्टेंबरमध्ये 'जीत'मधली (यात्रेकरूंच्या साध्या निवासातली) खाट काही दिवस आधी फोन करून राखावी लागते. 'दमी-पान्सियाँ' घेतलं की खाट, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता मिळतो. शाकाहारी असाल तर फोनवरच सांगा, कारण सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक होतो. दारात बूट काढायचे आणि पाठपिशवी खाटेवर कधीच ठेवायची नाही. ढेकूण पिशवीतूनच एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी जातात, म्हणून काही ठिकाणी ती खोलीबाहेरच ठेवायला लावतात. यात्रेच्या पासपोर्टवर, म्हणजे मुक्कामांचे शिक्के घ्यायच्या पुस्तिकेवर, शिक्का घ्यायला विसरू नका.

खरी परीक्षा पुढे आहे. लोझेर्त ते म्वासाक 25 ते 27 किमी, आणि पाऊस झाला असेल तर वाटेवरची चिकणमाती बुटांच्या तळव्याला थरावर थर चिकटते. बूट जड होतात, उतारावर पाय सटकतो, ताशी 4 किमीचा वेग 3 च्याही खाली येतो. घसरून गुडघा मुरगळला की यात्रा तिथेच संपते. काठ्या दोन घ्या, उतारावर पावलं आखूड टाका, माती दर अर्ध्या तासाला काडीने खरवडा. वाळली की निघत नाही. आदल्या रात्री जोरात पाऊस पडला असेल तर शेताची वाट सोडून डांबरी रस्ता धरण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त जीआरच्या पांढऱ्या-लाल पट्ट्यांच्या खुणा तिथे भेटणार नाहीत, म्हणून नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. वाटेवर फुली मारलेली खूण दिसली तर आपण चुकलो आहोत, मागे फिरायचं. साधारण अर्ध्या अंतरावर द्युरफोर-लाकापलेत येतं. चौथा दिवस आम्ही मागतो तो तिथल्या मुक्कामासाठीच.

म्वासाकला सेंट पीटरच्या मठात 1100 साली पूर्ण झालेलं ओवरीचं अंगण आहे. खांबांवरची 76 कोरीव शीर्षं एकेक पाहायची तर तास-दीड तास लागतो. एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्गासाठी या मठाची भोजनशाळा पाडली गेली, अंगण वाचलं. त्याच मार्गावरच्या स्थानकातून तुलूझची गाडी मिळते. पुढे ऑव्हिलार या गावाकडे चालत जायचं असेल आणि गुडघे कुरकुरत असतील, तर बुदूच्या टेकडीवरची अधिकृत वाट सोडून कालव्याच्या काठाने जा. ती सपाट आहे आणि झाडांची सावलीही मिळते.