रात्री अडीचची स्क्रिप्ट आणि २० बाइटची फाइल

डेटाबेसचा रोजचा बॅकअप माझ्याकडे आला, तेव्हा सोबत एक तयार बॅश स्क्रिप्टही आली. टर्मिनल उघडायचं, ती हाताने चालवायची आणि फाइल तयार झाली की उठायचं, अशी आतापर्यंतची पद्धत. रोज कुणाच्या तरी आठवणीवर हे काम अवलंबून होतं. मला ते क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर, टाकायचं होतं. ऐकायला हे एका ओळीचं काम आहे, आणि ओळ खरंच एकच लागते. वेळ गेला तो त्या ओळीच्या आजूबाजूच्या गोष्टींत.

ओळीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 'क्रॉनटॅब -ई' म्हटलं की क्रॉनच्या कामांची यादी, म्हणजे क्रॉनटॅब, एडिटरमध्ये उघडते. आधी पाच घरं, म्हणजे मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार, आणि मग कमांड. रात्री अडीचसाठी '३० २ * * *'. ही अडीचची वेळ सर्व्हरच्या घड्याळाची असते. सर्व्हर यूटीसीवर असेल तर तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा त्याच्याशी काही संबंध नाही. 'डेट' कमांड एकदा चालवून हे आधी बघून घ्यावं.

ओळ टाकली. सकाळी फोल्डरमध्ये नवी फाइल होती, नावात बरोबर तारीख होती, सिसलॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, 'सीएमडी' लिहिलेली नोंदही होती. एवढ्यावर समाधान मानून पुढे जाणारे खूप असतात. पण फाइलचा आकार होता २० बाइट.

२० बाइट हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जीझिपला, म्हणजे डेटा दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला, काहीच इनपुट दिलं नाही, तरी तो एक नियमाप्रमाणे अगदी वैध फाइल बनवतो. वर हेडर, खाली चेकसम, मध्ये काही नाही. ती फाइल २० बाइटची होते. 'जीझिप -टी' लावून तपासली तर ती बिनतक्रार पास होते, कारण रिकामी असली तरी ती बिघडलेली नसते. आणि सिसलॉगमधली 'सीएमडी' नोंद फक्त कमांड सुरू केल्याची असते. पुढे काम झालं की फसलं, हे ती सांगतच नाही.

स्क्रिप्टमध्ये 'पीजी-डंप'चं, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसची प्रत काढणाऱ्या कमांडचं, आउटपुट पाइपने (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीने) जीझिपकडे जात होतं. डंप पहिल्याच पायरीला पडला, जीझिपने रिकामी फाइल नीट बंद केली. पाइपचा निकाल म्हणून बॅश शेवटच्या कमांडचा निकाल धरतो, त्यामुळे स्क्रिप्टच्या लेखी सगळं आलबेल होतं. 'सेट -ओ पाइपफेल' ही ओळ वर टाकली, की पाइपमधली कुठलीही कमांड पडल्यावर पूर्ण पाइप नापास धरला जातो. सोबत 'सेट -ई' (कमांड पडली की थांब) आणि 'सेट -यू' (न ठरवलेलं व्हेरिएबल वापरलं की थांब) पण टाकले. शिवाय बॅकअप आधी एका तात्पुरत्या नावाने लिहायचा आणि सगळं सुरळीत झाल्यावरच 'एमव्ही'ने खरं नाव द्यायचं, असं केलं. त्यामुळे अर्धवट फाइल चुकूनही खऱ्या बॅकअपच्या रांगेत जाऊन बसत नाही.

पण डंप पडला कशामुळे? हाताने चालवली की तीच स्क्रिप्ट व्यवस्थित चालत होती. याचं उत्तर शोधायला मी क्रॉनमध्ये दर मिनिटाला चालणारी एक तात्पुरती ओळ टाकली: शेलची चालू सेटिंग्ज दाखवणाऱ्या 'एन्व्ह' कमांडचं आउटपुट टेम्प फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये लिही, बस. त्या फाइलमध्ये मूठभर ओळी होत्या. होम, लॉगनेम, शेल म्हणजे '/बिन/एसएच', आणि पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत, फक्त '/यूएसआर/बिन' आणि '/बिन'. टर्मिनलमध्ये हीच कमांड दिली की स्क्रीन भरून वाहते. आपण लॉगिन करतो तेव्हा बॅशआरसी आणि प्रोफाइल या सेटिंगच्या फायली वाचल्या जातात आणि त्यांत वर्षानुवर्षांचं सामान साठलेलं असतं. क्रॉन त्यातलं काहीही वाचत नाही. डेटाबेसचा पासवर्ड तिथेच, बॅशआरसीमध्ये एक्सपोर्ट केलेला होता. क्रॉनच्या शेलला तो दिसला नाही. पासवर्ड विचारायला समोर टर्मिनलही नव्हता, आणि डंप तिथेच थांबला.

पासवर्ड पोस्टग्रेसच्या 'पीजीपास' या पासवर्डच्या फाइलमध्ये हलवला. या फाइलची परवानगी ०६०० हवी, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी. गटाला किंवा इतरांना वाचता येत असेल, तर पोस्टग्रेस ती सरळ बाजूला ठेवतं. 'पीजी-डंप'ला '-डब्ल्यू' हा छोट्या इंग्रजी अक्षरातला पर्यायही दिला, म्हणजे पासवर्ड मिळाला नाही तर वाट न बघता तो लगेच पडेल. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर पाठवणारं साधन '/यूएसआर/लोकल/बिन'मध्ये होतं, तेही क्रॉनला सापडणार नव्हतं. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच पूर्ण पाथ लिहून टाकला. यानंतर स्क्रिप्ट तपासताना रात्रीची वाट बघायची गरज उरली नाही. 'एन्व्ह -आय' लावून सगळी सेटिंग्ज रिकामी केली आणि फक्त होम आणि लॉगनेम हाताने देऊन ती चालवली, की टर्मिनलमध्ये बसूनच क्रॉनची परिस्थिती जवळपास जशीच्या तशी उभी राहते. क्रॉनशी झगडणाऱ्या कुणालाही मी सगळ्यात आधी हेच करायला सांगेन.

एरर मुळात दिसली का नाही, हा वेगळा प्रश्न. क्रॉन जॉबचं आउटपुट त्या युजरला मेलने पाठवतो. सर्व्हरवर मेल पाठवणारं काही नसेल, तर डेबियनचा क्रॉन सिसलॉगमध्ये एवढंच लिहितो की एमटीए नाही म्हणून आउटपुट टाकून दिलं. नेमकी हवी असलेली ओळ तिथेच वाया जाते. म्हणून क्रॉनटॅबमध्ये कमांडच्या शेवटी आउटपुट लॉग फाइलकडे वळवलं आणि एररही तिथेच जावी म्हणून त्याच्यापुढे '२>&१' लिहिलं. क्रम हाच हवा. उलटा लिहिला तर एररचा प्रवाह जुन्याच जागी जात राहतो.

लॉगच्या नावात तारीख हवी असेल, तर ती क्रॉनटॅबच्या ओळीत बनवायला जाऊ नये. तिथे टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ धरली जाते. पहिल्या टक्क्यापर्यंतचा भाग कमांड म्हणून चालतो आणि पुढचा भाग त्या कमांडला इनपुट म्हणून दिला जातो. प्रत्येक टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ देऊन हे टाळता येतं, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास. तारखा, अटी, जे काही गुंतागुंतीचं असेल ते स्क्रिप्टच्या आत, आणि क्रॉनटॅबमध्ये फक्त वेळ आणि पूर्ण पाथ. मी हाच नियम ठेवला आहे.

एक जॉब संपायच्या आत दुसरा सुरू होऊ नये म्हणून 'एफलॉक -एन' लावलं. कुलूप मिळालं नाही तर दुसरा जॉब गप मागे फिरतो. स्क्रिप्ट '/ईटीसी/क्रॉन.डेली' फोल्डरमध्ये टाकायचा सोपा मार्गही होता. पण डेबियनवर तिथल्या फायली 'रन-पार्ट्स' चालवतो आणि नावात टिंब असलेली फाइल तो वगळतो. शेवटी 'टिंब एसएच' लावायची सवय असलेल्यांची स्क्रिप्ट तिथे कायमची पडून राहते, आणि एररही येत नाही.

क्रॉनऐवजी सिस्टिमडीचे, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामचे, टायमर वापरावेत का, हा विचारही केला. 'पर्सिस्टंट' चालू ठेवलं तर यंत्र बंद असताना चुकलेली वेळ ते सुरू झाल्यावर भरून काढतात, आणि लॉग आपोआप जर्नलमध्ये जातो. रात्री बंद होणाऱ्या यंत्रावर मी तेच वापरतो. सर्व्हर कधी बंदच होत नाही, मग एका ओळीच्या जागी दोन फायली कशाला सांभाळायच्या? सर्व्हरवर क्रॉनच राहिला.

बॅकअप परत भरता येतो का, हे महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप तपासायचं होतं. तारखेच्या घरात '१-७' आणि वाराच्या घरात '०' लिहिलं की झालं, असं वाटतं. पण ही दोन्ही घरं भरली की क्रॉन त्यांना 'किंवा' ने जोडतो. म्हणजे १ ते ७ तारखेला रोज, वर प्रत्येक रविवारी. म्हणून क्रॉनटॅबमध्ये फक्त '१-७' ठेवलं आणि आज रविवार आहे का हे स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत विचारलं.

ही तपासणी एका कोऱ्या पोस्टग्रेसवर चालते, आणि तिथे आणखी एक गोष्ट कळली. डेटा पूर्ण आला, पण टेबलांची मालकी ठरवताना अमुक रोल (म्हणजे डेटाबेसचा युजर) अस्तित्वातच नाही, अशा एररची रांग लागली. 'पीजी-डंप' एका डेटाबेसपुरता असतो. रोल आणि त्यांचे पासवर्ड सगळ्या क्लस्टरचे, म्हणजे त्या पोस्टग्रेसमधल्या सगळ्या डेटाबेसचे, मिळून असतात, ते त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी 'पीजी-डंपऑल -जी' लागतं, आणि पासवर्डसकट हवे असतील तर ते वाचायला सुपरयुजरचे अधिकार लागतात. बॅकअपच्या युजरला तेवढे अधिकार द्यायची माझी तयारी नव्हती. म्हणून ती ओळ आता पोस्टग्रेस या युजरच्या स्वतंत्र क्रॉनटॅबमध्ये आहे, बॅकअपच्या १५ मिनिटं आधी चालते, आणि तिची फाइल फक्त त्या युजरलाच वाचता येते.