वायफाय फुल्ल आहे, पण नेट चालंना गेलंय

मुलींच्या वसतिगृहातून येणारे बहुतेक फोन याच वाक्यानं सुरू होतात. "ताई, वायफाय फुल्ल दाखवायलंय, पण नेट चालंना गेलंय." परीक्षा जवळ आली की त्याला "लवकर या ना" एवढी भर पडते. लातुरात उद्योग भवनाच्या आसपास नीट-जेईईच्या शिकवण्या आणि त्यांना खेटून वसतिगृहं आहेत. नांदेड, परभणी, बीड, धाराशिवच्या पोरी तिथं येऊन राहतात. माझं काम नेटवर्किंगचं: वायरी ओढणं, राउटर बसवणं, कॅमेरे जोडणं. पोरींच्या खोल्यांपर्यंत जायचं म्हटलं की मालकिणींना बाई माणूस बरी वाटते, त्यामुळं या भागातली बरीच कामं माझ्याकडं येतात. बाकीची मार्केट यार्डातली, अडत दुकानांची.

त्या वाक्यात पोरीनं अर्धं निदान स्वतःच करून ठेवलेलं असतं, फक्त तिला ते ठाऊक नसतं. वायफायच्या कांड्या एवढंच सांगतात की तिच्या फोनला व्हरांड्यातल्या डब्याचा, म्हणजे राउटरचा, आवाज नीट ऐकू येतोय. डब्याच्या पुढं काय चाललंय, याच्याशी त्या कांड्यांचा काडीचा संबंध नाही. नेटवर्क म्हणजे यंत्रं एकमेकांशी जोडलेली असणं. इंटरनेट म्हणजे अशी लाखो नेटवर्कं आपसात जोडलेली असणं. पहिलं धडधाकट असताना दुसरं मेलेलं असू शकतं.

हा फरक अडतीत चटकन कळतो. सोयाबीनचा सीझन, दुकानापुढं पोत्यांची थप्पी आणि त्यात इंटरनेट गेलेलं. शेठनी मला बोलावलं, आणि मी पोचले तर मुनीम निवांतपणे शेतकऱ्यांच्या पट्ट्या छापत बसलेले. शेठ म्हणाले, "नेट गेलंय तर ह्या पट्ट्या कशा निघायल्यात?" निघणारच. हिशोबाचं सॉफ्टवेअर मुनीमजींच्या कॉम्प्युटरवर, काट्याजवळचा दुसरा कॉम्प्युटर आणि प्रिंटर त्याला वायरीनं जोडलेले. त्या तिघांचं बोलणं दुकानाच्या चार भिंतींतच चालतं. बाहेरची लाइन असो वा नसो, त्यांचं काही अडत नाही.

मग ही यंत्रं बोलतात कशी? मी वायरीपासून सुरू करते, कारण माझं निम्मं आयुष्य तिच्यातच जातं.

नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी पिळलेली. हा पीळ शोभेचा नाही. बाजूनं विजेची लाइन गेली, मोटर सुरू झाली, की त्याचा त्रास जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळं दोन्हींवर सारखा पडलेला त्रास वजा होऊन जातो. म्हणून पीळ टोकाला अगदी लागेल तेवढाच सोडायचा. रंगांचा क्रम मला झोपेतही म्हणता येतो: ऑरेंज-व्हाइट, ऑरेंज, ग्रीन-व्हाइट, ब्लू, ब्लू-व्हाइट, ग्रीन, ब्राऊन-व्हाइट, ब्राऊन. यात हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना बसते, आणि नवी पोरं नेमकी इथं घसरतात. त्यांना वाटतं, दोन्ही टोकांना रंग सारखे लावले की झालं. टेस्टरवर आठही दिवे ओळीनं लागतात सुद्धा. पण संदेश एका जोडीऐवजी दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या एकेका तारेवरून जायला लागतो, पिळाचा उपयोग संपतो, आणि नेट लंगडतं. टेस्टर म्हणतो पास, गिऱ्हाईक म्हणतं बोंब.

अशा वायरीची मर्यादा १०० मीटर. यार्डातली गोदामं लांबलचक, मागच्या फाटकावर कॅमेरा हवा असतो, आणि शेठना वायर स्वस्त हवी असते. स्वस्त वायरीत तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. आता गंमत बघा. असा कॅमेरा दिवसा झकास चालतो आणि रात्री दर काही मिनिटांनी बंद पडून परत सुरू होतो. कारण वीजही त्याला त्याच वायरीतून मिळते. स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जिथं जोडतात तो डबा, साध्या पद्धतीत एका पोर्टवर, म्हणजे वायर खोचायच्या एका भोकावर, १५.४ वॉट देतो, त्यातले कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ पोचतील असं मानकात धरलेलं आहे. पण हा हिशोब तांब्याचा. ॲल्युमिनियम विजेला जास्त अडवतं. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, त्याची भूक वाढते, आणि लांबच्या टोकाला तेवढं पोचत नाही. शेठ म्हणतात कॅमेरा खराब निघाला. कॅमेरा चांगला आहे, शेठ, वायर भिकार आहे.

वायरी येऊन मिळतात स्विचला. लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात आणि मी नेहमी लावते त्या मधल्या स्विचला पोर्टही १६, त्यामुळं इथल्या माणसाला समजावायला दुसरं काही शोधावं लागत नाही. कापडाचं गिऱ्हाईक कापडलाइनीत, सोन्याचं सराफ्यात. गोलाईत आलेला माणूस सोळाही रस्ते हिंडत बसत नाही. स्विचही आलेला संदेश नेमक्या पोर्टाकडं काढून देतो. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक मॅक नंबर असतो. कोणत्या पोर्टातून कोणत्या मॅकचा संदेश आला, हे बघत-बघत स्विच आपली यादी स्वतःच तयार करतो. कुणी त्याला शिकवावं लागत नाही. पूर्वी हब नावाचा डबा असायचा. त्याला यादी-बिदी काही नव्हती, एकाचं बोलणं तो सगळ्यांच्या कानात ओतायचा.

यादीत नाव नसेल तर मात्र स्विचही सगळीकडं हाक मारतो. आणि काही संदेश मुळातच सगळ्यांसाठी असतात. "१९२.१६८.१.२० हा कुणाचा पत्ता आहे, तुझा मॅक सांग" अशी हाक नेटवर्कवर सतत चालू असते. याच हाकेनं एका वसतिगृहाचं नेट अख्खं झोपवलं होतं. झाडताना मावशींना एक वायर लोंबकळताना दिसली. त्यांनी ती व्यवस्थित उचलून मोकळ्या भोकात खोचली. तिचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. झालं! एक हाक निघाली, एका पोर्टातून बाहेर पडून दुसऱ्यातून परत आली, पुन्हा सगळीकडं गेली, पुन्हा आली. इंटरनेटवर मजकूर छोट्या तुकड्यांत, पाकिटांत जातो, आणि अशा आयपीच्या पाकिटावर निदान आयुष्याचा आकडा असतो. प्रत्येक राउटरवर तो एकानं कमी होतो आणि शून्यावर पाकीट फेकलं जातं. स्विचच्या पातळीवर तसलं काही नाही, तिथं हाक मरतच नाही. सगळ्या पोर्टांचे दिवे एका तालात फडफडायला लागले की समजायचं. वायर उपसली आणि पाच सेकंदांत सगळं सुरळीत. मालकीणबाई म्हणाल्या, "एवढ्याचे पैसे घ्यायलीस?" घेतले.

मॅक नंबर कार्डासोबत येतो, आयपी पत्ता मात्र जागेवर मिळतो. फोन वायफायला जोडला गेला की आधी विचारतो, इथं पत्ता कोण देतंय? राउटर एक पत्ता पुढं करतो, फोन तोच मागतो, राउटर पक्का करतो. सोबत बाहेर जायचं दार कोणतं आणि नावं कुणाला विचारायची, हेही सांगतो. हा पत्ता ठरावीक मुदतीवर दिलेला असतो. एका ठिकाणी दर रविवारी संध्याकाळी तक्रार यायची: कांड्या फुल्ल, आणि फोन "आयपी पत्ता मिळवत आहे" यावर अडकलेला, तोही सगळ्यांचा नाही, काहींचाच. राउटरला कारखान्यातून आली तशीच सेटिंग, शंभर पत्ते वाटायची मुभा, मुदत २४ तास. साठेक पोरी, फोनसोबत बऱ्याच जणींकडं टॅब. रविवारी भेटायला आई-बाप, भाऊ, मामा येतात आणि चहाच्या आधी पासवर्ड मागतात. दुपारी मामा अहमदपूरला परत जातात, पण त्यांच्या फोनचा पत्ता सोमवारपर्यंत त्यांच्याच नावावर अडकलेला. पत्ते वाढवले, मुदत दोन तासांवर आणली. रविवार शांत झाला.

हे १९२.१६८ वाले पत्ते खासगी वापराचे. माझ्या घरीही तेच, तुमच्या घरीही बहुधा तेच. जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते, आणि माणसंच ८०० कोटींच्या वर. म्हणून १९९६ साली काही पत्ते खासगी म्हणून पक्के राखून ठेवले. घरात कुणीही वापरा, बाहेर त्यांना किंमत नाही. साठ पोरींची मागणी बाहेर एकाच पत्त्यानं जाते, आणि कुठलं उत्तर कुणाचं याची नोंद राउटर प्रत्येक जोडणीच्या आकड्यांनी ठेवतो (यांनाही पोर्टच म्हणतात, पण हे वायरीचं भोक नव्हे). आता बऱ्याच ठिकाणी लाइन देणारी कंपनीही तिच्या बाजूला हेच करते, अनेक घरांना मिळून एक पत्ता. "औशाच्या शेतावरून दुकानाचे कॅमेरे का दिसंना?" या शेठच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथं असतं. बाहेरून थेट गाठावं असा दुकानाला स्वतःचा पत्ताच नाही. मग कॅमेऱ्याचा डबा आतून कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क धरून ठेवतो आणि शेठचा मोबाईल त्या सर्व्हरवर जाऊन त्याला भेटतो. १२८ बिटांचे नवे पत्ते आलेत, मोबाईलवर ते भरपूर चालतात. पण यार्डातले जुने डबे त्यांना ओळखत नाहीत, आणि चालू डबा बदलायला शेठ तयार नसतात.

एक तक्रार मला आवडते: "व्हॉट्सॲप चालू आहे, पण साइटच उघडंना." इथं मी आधी आकड्यानं विचारून बघते. कॉम्प्युटरवर पिंग ८.८.८.८ दिलं, म्हणजे बाहेरच्या त्या पत्त्याला हाक मारली, आणि उत्तर आलं, तर रस्ता सलामत आहे; नावाचा आकडा करून देणारी डीएनएस व्यवस्था तेवढी बसलीय. व्हॉट्सॲपची जोडणी आधीपासून उघडी होती म्हणून ते चाललं. डीएनएसचा पत्ता बदलला की काम होतं.

पिंगमध्ये दिसणारे मिलिसेकंदही बघण्यासारखे असतात. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला जवळपास दोन लाख किलोमीटर जातो. लातूरहून मुंबई पाचशे किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन पाच मिलिसेकंद. प्रत्यक्षात आकडा जास्त येतो, कारण तंतू सरळ रेषेत जात नाही आणि वाटेतल्या यंत्रांवर पाकिटांना रांगेत थांबावं लागतं. एका पाकिटात साधारण दीड हजार बाइट मावतात. एक जीबीचं लेक्चर उतरवायचं तर सुमारे सात लाख पाकिटं. टीसीपी (दोन टोकांच्या यंत्रांतल्या बोलण्याचे नियम) त्यांच्यातल्या मजकुराचा हिशोब आकड्यांनी ठेवतं, वाटेत हरवलेलं परत मागवतं आणि मागं-पुढं आलेलं क्रमानं लावतं. व्हिडिओ कॉलमध्ये एवढं थांबायला वेळ नसतो, हरवलं ते सोडून पुढं जातात, म्हणून आईचा चेहरा मधेच चौकटी-चौकटींचा होतो.

मला यात सगळ्यात थोर वाटतं ते हे, की टीसीपीला खालची वायर तांब्याची आहे का हवेतून चाललंय, याचा पत्ताही नसतो. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी १९७४ मध्ये ही मांडणी प्रसिद्ध केली, आणि १ जानेवारी १९८३ ला अमेरिकेतलं आर्पानेट, इंटरनेटचा पूर्वज, तिच्यावर आणलं गेलं. वायफाय तेव्हा कुठं होतं? पुढं ते आलं आणि या मांडणीत निमूट बसलं.

वायफायबद्दल मी कमीच बोलते, कारण बोलायला लागले की भांडण होतं. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या पायात न येणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. उद्योग भवनाच्या गल्लीत उभं राहून फोन काढा, वसतिगृहांच्या नावांची यादी संपत नाही. एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. त्यात लोखंडी कपाटं आणि स्लॅब. डबा ऑफिसातल्या देवाच्या फोटोमागं ठेवून तिसऱ्या मजल्यावर रेंज मागणाऱ्यांना मी नम्रपणे वायर ओढायचा भाव सांगते.

आणि शेवटी बाहेरची लाइन. हल्ली फायबरच. एकाच तंतूतून येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, जाणारा १३१० चा, म्हणून दोन्ही दिशा आपटत नाहीत. वाटेत प्रकाश वाटून देणाऱ्या स्प्लिटरला वीजही लागत नाही. लाईट गेली तर राउटरला आणि फायबरच्या डब्याला इन्व्हर्टरवर घ्या, पलीकडं कंपनीकडं वीज असली की नेट चालतं. जूनमधल्या विजांत तांब्याच्या वायरीनं जोडलेले पोर्ट जळतात; काचेतून वीज येत नाही, म्हणून दोन इमारतींमध्ये मी फायबरच टाकते. डब्यावर तांबडा दिवा लुकलुकला तर राउटर दहादा बंद-चालू करून उपयोग नाही, प्रकाशच येत नाहीये. प्रकाश मोजणारा मीटर उणे २० च्या आसपास दाखवत असेल तर ठीक. उणे २७ च्या खाली गेला की गडबड.

मागच्या पावसाळ्याआधी एका चौकात जेसीबीनं नाली खोदली आणि तीन वसतिगृहांचे तांबडे दिवे एकदम लागले. यात माझ्या हातात काही नव्हतं. कंपनीची पोरं आली, तुटलेली टोकं साफ करून मशीनवर जोडली, मीटर लावला, उणे १९. वर जाऊन मी पोरींना सांगितलं की नेट आलंय. तोवर सगळ्यांचा त्या दिवसाचा मोबाईल डेटा संपला होता, आणि दोघी-तिघी चक्क वही काढून अभ्यासाला बसल्या होत्या.