सातवीनंतर कोणतं हायस्कूल? फ्लेक्सवर नसलेले आकडे

जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी झाली की खेड्यातल्या पालकांपुढे दोन-तीनच वाटा असतात. शेजारच्या मोठ्या गावातलं संस्थेचं अनुदानित हायस्कूल, तालुक्याच्या रस्त्यावरची विनाअनुदानित शाळा आणि क्वचित जिल्हा परिषदेचंच हायस्कूल. निवड मात्र बहुधा फाट्यावरचा '१०० टक्के निकाल' हा फ्लेक्स बघून होते.

तो आकडा खोटा नसतो, अपुरा असतो. गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि यंदा दहावीला नियमित म्हणून किती बसली, हे विचारा. नववीला ५२ आणि दहावीला ३८ असतील, तर १४ मुलं गेली कुठे? काहींनी गाव सोडलेलं असतं. पण कच्च्या मुलांना नववीतच अडकवायचं, किंवा दाखला हातात देऊन १७ नंबरचा (खासगीरीत्या दहावीला बसायचा) फॉर्म भरायला लावायचा, ही युक्ती जुनी आहे. शिवाय पास व्हायला १०० पैकी ३५ लागतात आणि त्यातले २० अंतर्गत गुण शाळेच्याच हातात. म्हणून पासाच्या टक्क्यापेक्षा गणित आणि विज्ञानात ६० च्या वर किती जण गेले, ते बघावं.

आता शिक्षक. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, घ्या (महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो). सरकारी पोर्टलवर त्या शाळेची पटसंख्या, शिक्षकसंख्या, प्रयोगशाळा, स्वच्छतागृहं दिसतात. माहिती आदल्या वर्षाची असते, तेव्हा प्रत्यक्ष जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: गणिताचं पद भरलेलं आहे की तासिकेवर (तासाप्रमाणे पैसे घेणाऱ्या तात्पुरत्या शिक्षकावर) चाललंय, ते शिक्षक निवृत्तीला कधी येतात, आणि सेमीच्या (गणित-विज्ञान इंग्रजीतून असलेल्या) तुकडीला शिकवणारेच दुसऱ्या तुकडीलाही शिकवतात का. निवृत्तीचं वय ५८. मूल आठवीत असताना सर ५६ वर्षांचे असतील, तर नेमकं दहावीच्या वर्षी पद रिकामं होतं आणि भरतीला वर्षं लागतात. अंशतः अनुदानित शाळेत पगाराचा काही भागच शासनाकडून येतो. तिथे चांगला शिक्षक टिकेलच असं नाही.

पैशाचा हिशेब फीपुरता ठेवू नका. आठवीतली एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के). निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे एकूण ४८,०००. विनाअनुदानित शाळेत गेलात की ही वाट बंद. आठवीपर्यंतची खिचडी आणि मोफत पुस्तकं अनुदानित शाळेत मिळतात, ती वेगळीच. त्या शाळेतली किती मुलं गेल्या वर्षी या परीक्षेला बसली, हे विचारलं की शाळा आठवीवर किती मेहनत घेते तेही कळतं.

चित्रकलेचे शिक्षक आहेत का, हा प्रश्न पालकांना फालतू वाटतो. इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेत अ श्रेणी मिळाली तर दहावीत ७ गुण वाढतात, ब ला ५, क ला ३.

राहिली एसटी. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत, मुलांना सवलतीचा. पण दहावीचे जादा तास सकाळी किंवा शाळा सुटल्यावर असतात, आणि शेवटची गाडी त्याआधीच निघून गेली तर ते तास कागदावरच राहतात. वेळापत्रक शाळेच्या फळ्यावरचं नाही, स्टँडवरचं बघा, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी कुठवर येते तेही तिथेच विचारा.