आमची वाटचाल : उद्यमनगरातले सोबती, शिरोलीतला कारखाना

आमचं मशिनशॉप आज कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आहे. पंपाच्या बॉडी, बेअरिंग हाउसिंग अशा बिडाच्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, मशिनिंग आम्ही करतो. सुरुवात झाली कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात, दुसऱ्याच्या कारखान्यात लेथवर. ऑइल इंजिनं आणि गुऱ्हाळाचे चरक दुरुस्त करत वाढलेला हा भाग. तिथं लेथवर काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या मनात आपलं स्वतःचं एक मशिन असतं. माझ्याही होतं.

त्या कारखान्यात पगाराहून मोठी कमाई झाली ती सोबत्यांची. शेजारच्या मशिनवरचा टर्नर, टूलरूममधले मामा, तपासणीला बसणारा एक अबोल गडी आणि कास्टिंगच्या गाडीबरोबर येणारा फौंड्रीचा, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचा, सुपरवायझर. एकमेकांच्या घरची लग्नं, दवाखाने, सोसायटीच्या कर्जाला जामीन राहणं, सगळं केलं. यातून पुढं धंदा होईल हा हिशेब कुणाच्याच डोक्यात नव्हता. म्हणूनच ते टिकलं, असं मी ठामपणे म्हणतो.

जुना लेथ घेऊन शेड भाड्यानं धरली, तेव्हा पहिलं काम त्या अबोल गड्यामुळंच मिळालं. तो तोवर दुसऱ्या कंपनीत गेला होता. तिथं त्यानं एवढंच सांगितलं, "ह्याचे जॉब मी रोज मोजलेत." मशिनला बँक कर्ज देते, पण असा शब्द कुठली बँक देणार?

आमच्या धंद्यात ओळखीची खरी किंमत कळते ती ब्लोहोलला. साच्याच्या वाळूत ओल राहिली किंवा वायू बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की तो धातूतच कोंडतो. कास्टिंग वरून चांगलं दिसतं. बोअरिंगला घेतलं, वरची कातडी निघाली की भोक उघडं पडतं. तोवर आमचा वेळ, टूल, वीज सगळं खर्ची पडलेलं असतं. मग दोष कास्टिंगचा की मशिनिंगचा, यावर नुकसान एकमेकांच्या बिलातून कापायच्या डेबिट नोटांची लढाई सुरू होते. आमच्याकडं ती होत नाही. तो जुना सुपरवायझर सकाळीच फोन करतो, "अमक्या हीटचा माल बाजूला ठेव, आधी दोन पीस कापून बघ." हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू. आम्हीही खराब पीस हीट नंबरासह परत पाठवतो, म्हणजे त्याला वाळू तपासता येते. कुठल्याही करारात ही गोष्ट लिहिलेली नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच मागं टाकली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापुरातली आमची पोरं इकडं येऊ शकेनात. माल गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत तयार, तो मशिनवर पकडायचं फिक्स्चर मात्र शिरोलीत अडकलेलं. गोकुळ शिरगावातच स्वतःचं शॉप असलेल्या आमच्या त्या जुन्या टर्नरनं मोबाईलवरचं ड्रॉइंग बघून रात्रीत साधं फिक्स्चर बांधलं, एक मशिन मोकळं करून दिलं. रस्ता सुटला तेव्हा माल तयार होता. भाडं विचारलं तर म्हणाला, "माझ्या पोराला ड्रॉइंग वाचायला शिकवलंस, त्याचं बिल कधी लावलंस का लेका?"

आमच्याकडं तयार झालेली पोरंही बाहेर पडतात. शिकवलेला माणूस गेला की काही मालक त्याचं नाव टाकतात. मला ते पटत नाही. उद्यमनगर असंच तर वाढलं. आमच्याकडून गेलेल्याला पहिलं जॉबवर्क आम्हीच देतो, लागला तर भोकाचं माप घ्यायचा बोअर गेजही वापरायला देतो. आज आमचं बरंचसं ड्रिलिंग आणि टॅपिंग अशाच दोघांच्या शेडमध्ये होतं. खंडेनवमीला आपापल्या मशिनची पूजा आटोपून ते इकडं येतात, जुन्या लोकांबरोबर जेवायला बसतात आणि तिथंच पुढच्या महिन्याचं काम ठरतं.

आता नवं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं उभं मशिनिंग सेंटर, घ्यायचं चाललंय. कुठलं घ्यायचं ते टूलरूमचे मामा बघून सांगणार आहेत. निवृत्त झालेत, पण येतो म्हणालेत.