तिलारीतला हत्ती उपग्रहातून बघायचा तर

आधीच सांगून टाकतो, सिंधुदुर्गातल्या तिलारीच्या खोऱ्यातला हत्ती उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्राचा एक पिक्सेल, म्हणजे एक ठिपका, १० मीटरचा, त्यात अख्खा टस्कर (सुळेवाला हत्ती) मावूनही जागा उरते. दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅडो उद्यानात वर्ल्डव्ह्यू उपग्रहांच्या चित्रांवरून संगणकाने हत्ती ओळखले, पण त्या चित्रांचा पिक्सेल ३१ सेंटिमीटरचा आणि वर आपल्यासारखं दाट छत नाही. २००२ साली कर्नाटकातून दोडामार्गात उतरलेले हत्ती काजू, रबर नि बांबूच्या खालून फिरतात. म्हणून उपग्रहाकडून फक्त भोवतालची जमीन घ्यायची. हत्ती कुठे होता ते खालूनच कळणार.

हत्तीच्या गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणजे त्याची जागा नोंदवणारा पट्टा, असेल तर उत्तमच. गळ्याखाली वजन असतं, त्यामुळे अँटेना मानेवर, आकाशाकडे राहते. तासाला एक नोंद पुरते. पंधरा मिनिटांचा हव्यास धरला की बॅटरी लवकर संपते, आणि बदलायची म्हणजे पुन्हा परवानगी, पुन्हा हत्ती बेशुद्ध करणं. कॉलर नसेल तर नुकसानीचे पंचनामे आहेतच. मात्र पंचनाम्यात जागा गट नंबरने असते. गटाच्या मध्यावर बिंदू ठोकून मोकळे होऊ नका, मोडलेल्या माडापाशी उभं राहून अक्षांश-रेखांश घ्या. तिथेच पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दोरीने मोजा. त्याची दुप्पट म्हणजे साधारण खांद्यापर्यंतची उंची. पिल्लू होतं की मोठा, एवढं तरी कळतं.

सगळ्यात मोठा घोळ वेळेचा. कॉलरची घड्याळं बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर चालतात. रात्री दोनला केळीत शिरलेला हत्ती फाइलमध्ये आदल्या तारखेला २०:३० वाजता दिसतो. साडेपाच तास मिळवले नाहीत तर रात्रीची धाड संध्याकाळची होते, तारीखही चुकते, आणि पंचनाम्याशी काहीच जुळत नाही. त्यानंतर बिंदू अक्षांश-रेखांशातून यूटीएम ४३ उत्तर या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीत आणा, म्हणजे अंतरं मीटरमध्ये मिळतील. एकच बिंदू दोन किलोमीटर लांब आणि पुढच्या तासाला हत्ती परत मूळ जागी, असं दिसलं तर आधी संशय सिग्नलवर घ्या. दाट झाडीखाली आणि घळीत सिग्नल भरकटतो. सगळ्या बिंदूंना बाहेरून कुंपण घालून अधिवास काढायची पद्धत इथे नकोच, अख्खं धरण त्यात येतं. हत्ती पोहतो, पण पाण्यात राहत नाही.

जमिनीच्या नकाशात एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहाच्या चित्रावरून काढलेला हिरवाईचा आकडा, फसवतो. पावसाळा संपताना रबर, काजू आणि रान सारखंच हिरवं दिसतं. रबराची पानगळ साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत होते. तेव्हाचं चित्र नोव्हेंबरच्या शेजारी ठेवा, रबराचे पट्टे वेगळे पडतात. एका तारखेवर विसंबू नका, सगळे मळे एकदम पानं टाकत नाहीत.

जून ते सप्टेंबर ढगच ढग. तेव्हा ढगांतूनही बघणारं सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार वापरायचं. लावणीच्या वेळी पाण्याने भरलेले मळे त्यात काळे दिसतात, पण घाटाची रडारपासून आडोशाला राहिलेली बाजूही काळीच येते. उंचीच्या नकाशावरून ती सावली आधी काढून टाका, नाहीतर कड्यावर भातशेती उगवते.