सीमेपलीकडच्या पाण्याची तयारी सांगलीतूनच

यंदा आपल्याकडे कृष्णेचे पाणी चढू लागेल, त्या सुमारास आम्ही दोघे न्यूयॉर्क राज्यात लेकीकडे असू. जावयांची छोटी मोटारबोट सेंट लॉरेन्स नदीवरच्या क्लेटन गावी असते आणि पैलतीर कॅनडाचा आहे. थाउजंड आयलंड्स म्हणवल्या जाणाऱ्या या पट्ट्यात अठराशेहून अधिक बेटे असून दोन देशांची सीमा त्यांच्यामधून वळसे घेत जाते. पाण्यावर तिची खूण दिसत नाही, म्हणून नकाशा आणि कागदपत्रे आधीच चोख हवीत.

कॅनडाच्या हद्दीतून न थांबता, नांगर न टाकता, दुसऱ्या बोटीला न भिडता पुढे गेल्यास कोणाला कळवावे लागत नाही. मात्र कॅनडाच्या तीरावरच्या गॅनानोक्वे गावी उतरायचे असेल, तर ठरवून दिलेल्या धक्क्याला बोट लावून चालकाने तिथल्या सीमा सेवा खात्याला फोन करायचा आणि परवानगी मिळेपर्यंत बाकीच्यांनी बोटीतच बसून राहायचे. परतताना अमेरिकेच्या सीमा खात्यालाही आल्याची वर्दी द्यावी लागते. लेक-जावयांना भारतीय पासपोर्टसोबत ग्रीन कार्ड पुरते. आम्हा पाहुण्यांना कॅनडाचा स्वतंत्र व्हिसा लागतो, शिवाय अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. ही कामे सांगलीतूनच उरकून निघावे, असे माझे ठाम मत आहे.

कागदांपेक्षाही मला काळजी बोटीतल्या माणसांच्या संख्येची वाटते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेऊन निघालेली बोट उलटली, हे आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. अमेरिकेत वीस फुटांखालच्या मोटारबोटींवर किती माणसे आणि किती वजन चालेल याची पाटी असते. तिचा फोटो मी जावयांकडून मागवून घेतला. तीवर सहा जणांची मर्यादा आहे आणि आम्ही नातवंडांसह सहाच आहोत, तेव्हा सातव्याला आग्रह करायचा नाही.

लाइफ जॅकेट तर प्रत्येकाच्या मापाचेच हवे. पट्टे आवळल्यावर ते खांद्यापाशी धरून वर ओढून पाहावे. हनुवटीपर्यंत सरकले, तर ते मोठे आहे. मुलांची जॅकेटे वजनावरून ठरतात, म्हणून दोन्ही नातवंडांची वजने नव्याने करून ठेव, असे लेकीला कळवले आहे. मागच्या उन्हाळ्यातली जॅकेटे यंदा त्यांना होतीलच असे नाही.